बारानंतरचा चौक

नागपुरात मे महिन्यात सायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाला लोक एकच गोष्ट विचारतात, ऊन नाही लागत का. लागतं. डांबर मऊ होतं, चाक चिकटतं, डोळ्यांच्या बाहुल्या कोरड्या पडतात. पण त्या उन्हाळ्यात मी उन्हाला भ्याले नाही. एका चौकाला भ्याले. आणि ती भीती मी स्वतः, सह्या गोळा करून, अर्ज देऊन मागून घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लिहिताना स्वतःला सूट द्यायचा मोह होणार आहे.

इतवारीतल्या एका छापखान्यात मी संगणकावर मजकूर जुळवते. लग्नपत्रिका, बिलबुकं, तेरवीची कार्डं. एप्रिलच्या मध्यापर्यंत माझी पाळी सकाळी आठची होती. लग्नसराई लागली तशा मालकांनी दोन पाळ्या केल्या आणि मला दुपारी साडेबाराची दिली. घर कामठी रोडच्या बाजूला. एरवी पस्तीस मिनिटं लागतात, उन्हाळ्यात पंचेचाळीस. "स्कुटी काहून नाही घेत वं?" हे गल्लीतल्या प्रत्येकाने विचारून झालं आहे. जसा काही रस्ता स्कुटीवाल्यांनी घरून आणून अंथरला.

पावणेबाराला निघायचं म्हणजे तयारी करावी लागते. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. अंगावर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. हातात मोजे, कारण तोवर तापलेलं हँडल हात लावू देत नाही. आई बाटलीला ओलं फडकं गुंडाळून द्यायची आणि दारातून म्हणायची, "पोचली की मिस कॉल दे." सकाळच्या पाळीला तिने हे कधी म्हटलं नव्हतं.

वाटेतल्या त्या चौकाच्या थोडं अलीकडे कडुनिंबाखाली पाणपोई आहे. तिथे मला काकाजी भेटले. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळे, डोक्यावर टॉवेल, काळी जुनी सायकल. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघत म्हणाले, "इतकं तोंड बांधून ठेवलं तं श्वास कसा घेते वं तू?"

"तुम्ही बांधत नाही, तुम्हाला ऊन नाही लागत का?"

"मले काय लागते. मी तं वाळेलच आहो."

खिशातून कांदा काढून दाखवला. म्हणाले, हा ठेवत जा, लू लागत नाही. मी लगेच भाषण दिलं, की याला काही शास्त्रीय आधार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "शास्त्र नसन," ते म्हणाले, "पण संध्याकाळी भाजीत कामी येते."

काकाजीही इतवारीतच जायचे, भांड्यांच्या ओळीत. एका दुकानाच्या पायरीवर बसून ते भांड्यांवर नावं टाकतात. लग्नात द्यायची घागर, परात, डबे, त्यांवर 'अमक्यांकडून सप्रेम भेट'. विजेवर चालणारी छोटी सुई पेनासारखी धरायची आणि धातूवर लिहायचं. कागदावर चुकलं तर खोडता येतं, माझ्या संगणकावर तर पुसलेलं दिसतही नाही. त्यांचं तसं नाही. सुई एकदा टेकली की टेकली. हात हलला की भांडं गेलं. दिवसभर लोकांची नावं लिहिणाऱ्या या माणसाने मला माझं नाव विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही. ते काकाजी, मी पोरगी. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

आता पत्रकाबद्दल सांगते.

आमचा सहासात जणांचा गट आहे. पाणी, बस, फुटपाथ असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं काढतो, अर्ज देतो, चौकात उभे राहतो. लिहायला मी पत्रकांतूनच शिकले. वाक्य छोटं, मागणी एक, आणि राग पहिल्या ओळीत. पत्रकात दुसरी बाजू नसते, कारण तिच्यासाठी जागाच नसते. एप्रिलच्या सुरुवातीला मी लिहिलं होतं, 'लाल दिव्याखाली माणसं भाजत आहेत. दुपारी बारा ते चार सिग्नल बंद करा.' मीच जुळवलं, मीच छापून घेतलं. सह्या आम्ही लाल दिव्यालाच घेतल्या. लोकांनी पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवून सह्या केल्या, शाबासकी दिली. कडेला सायकलवाले उभे असायचे. त्यांच्याही हातात पत्रक दिलं. विचारलं मात्र एकालाही नाही. मी स्वतः सायकलवाली आहे, मला वाटलं मला माहीतच आहे. पण मला माहीत होता तो सकाळी साडेसातचा चौक. दुपारी मी छापखान्यात कूलरसमोर बसलेली असायची.

आणि मागणी मान्य झाली. मे लागला आणि चौकाचौकांतले सिग्नल दुपारी बंद राहू लागले. आमच्या आयुष्यातली पहिली मान्य झालेली मागणी. आम्ही उसाचा रस प्यायलो. तोवर माझी पाळी बदलून दहाएक दिवस झाले होते, आणि काकाजींसोबत हिरव्या दिव्यात चौक पार करणं अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशी पाणपोईवरून निघालो तर दिवा नुसता पिवळा, लुकलुकणारा. काकाजी म्हणाले, "बिघडला वाटते."

"बिघडला नाही. उन्हामुळे बंद केलाय. कोणाला थांबावं लागू नये म्हणून."

"बरं केलं," ते म्हणाले. आणि आम्ही दोघं थांबलो.

समोरून मोठा रस्ता आडवा जातो. त्यावरून गाड्या येत होत्या आणि येतच होत्या. सिटीबस, टेम्पो, ट्रक, कार. कोणी थांबत नव्हतं, कारण थांबायचं कारणच आम्ही काढून घेतलं होतं. स्कुटीवाल्याला फट दिसते, तो मूठ पिळतो, गेला. सायकलला पिळायला मूठ नसते. उभी सायकल हलवायला पहिलं पायडल दाबावं लागतं, तेवढ्यात फट बुजते. लाल दिवा होता तेव्हा दीड मिनिट उन्हात उभं राहावं लागायचं. दिवा गेल्यावर पहिल्या दिवशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो. मग अर्धा रस्ता पार करून मधल्या दुभाजकावर चढलो. दुभाजक वीतभर रुंद. पुढचं चाक एका रस्त्यावर, मागचं दुसऱ्यावर, मधे मी. बस गेली की तिच्या वाऱ्याने दुपट्टा ओढला जायचा. कोणीतरी गळ्याला धरून चल म्हणतं आहे, असं वाटायचं.

मला लाज वाटली नाही. आधी भीतीच वाटली. लाजेला सवड लागते.

मग भीती चौकातून निघून घरी आली. आरशासमोर दुपट्टा बांधताना गाठ सुटायची. पुन्हा बांधायची, पुन्हा सुटायची. जेवण अकरालाच नकोसं व्हायचं. आईने विचारलं, "ऊन लागून राहिलं का तुले?" मी हो म्हटलं. ऊन लागणं ही आमच्याकडे सांगता येण्यासारखी गोष्ट आहे.

आठवडा असाच गेला. मग तो ट्रेलर आला.

आम्ही दुभाजकावर होतो, काकाजी पुढे, मी मागे. लोखंडी सळ्यांचा ट्रेलर आमच्या समोरून डावीकडे वळत होता. सळ्या मागे चार हात बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. ट्रेलरचं तोंड पुढे गेलं. काकाजींना वाटलं, गेला. त्यांनी सायकल खाली उतरवून पायडल मारलं, आणि सळ्यांचा मागचा भार आडवा फिरत छातीच्या उंचीने त्यांच्याकडे आला. ते सायकलसकट खाली पडले. पडले की त्यांनी स्वतःला पाडलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. सळ्या त्यांच्यावरून फिरल्या आणि डोक्यावरचा टॉवेल एका सळईला अडकून निघून गेला. तो टॉवेल लाल फडक्याच्या शेजारी फडफडत लांब जाताना मी पाहिला.

मी ओरडले नाही. सभेत माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो. त्या दिवशी आवाज निघालाच नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून मी दुभाजकावर उभी होते. एका कारवाल्याने गाडी थांबवून काकाजींना उठवलं. मी नाही.

कडेला गेल्यावर ते सायकलची उतरलेली चेन बसवायला खाली बसले. चेन दात्यावर येईना. बोटं वेगळीच कुठेतरी चालली होती. मी मोजे काढले आणि चेन बसवली. "काही नाही झालं वं," ते म्हणाले. "टॉवेल गेला."

पुढचे दोन दिवस ते आले. माझ्या मागे राहून, माझ्या कॅरियरला एक हात लावून त्यांनी चौक पार केला. तो हात मला सीटपर्यंत जाणवत होता. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चौथ्याही नाही.

कोणाला विचारणार? नाव माहीत नाही, घर माहीत नाही. रोज पाणपोईवर थांबायची, मग एकटीच त्या रस्त्याच्या काठावर. मनात येऊ नये ते यायचं. आपण नसताना त्यांनी चौक पार करायचा प्रयत्न केला असेल. रस्त्यावर कुठे डाग दिसतो का, हे मी बघायची. ऑइलचे डाग असतात चौकात, पुष्कळ असतात.

पाचव्या दिवशी मी घरून लवकर निघाले आणि सरळ भांड्यांची ओळ गाठली. हातगाड्या, टेम्पो, हमाल, पातेल्यांच्या उतरंडी. काकाजी सापडले. एका बंद शटरला पाठ लावून बसले होते, भर उन्हात. डोक्यावर नवा टॉवेल. मला पहिल्यांदा रडू आलं आणि लगेच राग आला. मला रागच जास्त जमतो.

"काकाजी, इथं उन्हात काहून बसले?"

"माही पायरी बाराले मोकळी होते. तोवर माल उतरते तिथं."

"मग बाराला या ना. मी रोज थांबून राहते तिकडे."

त्यांनी उजवा हात पुढे धरला, जसा डॉक्टरला दाखवतात. हात स्थिर होता. "आता पाह्य. ठीक आहे नं? दहा वाजता सिग्नल चालू असते, आरामात येतो. बाराले आलो का हा हात घंटाभर हलते. त्या दिवशी एका घागरीवर नाव टाकत होतो. तीन अक्षरं बरोबर आली, चौथं फाटलं. मालक म्हणे, काकाजी, डोळे गेले काय? मी म्हटलं, हाव, डोळेच. चौकाले भेतो म्हणून कसं सांगू? तीस वर्षं झाली मले सायकल चालवून."

ते पुढे म्हणाले, "कोण शायना आहे गा तो सिग्नल बंद करणारा? त्याले एक दिवस बसवा माह्या सायकलवर."

गप्प राहता आलं असतं. खरं तर राहावंसं वाटलं. त्या शटरपाशी, त्या हातापुढे, मला चौकापेक्षाही जास्त भीती वाटली.

"मी आहे, काकाजी. आमच्या गटाने मागणी केली होती. पत्रक मी लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दुपट्टा मी खाली ओढला होता, त्यामुळे बहुतेक पहिल्यांदाच त्यांना माझं तोंड दिसलं.

"तुले सायकल चालवता येते नं वं?"

"येते."

"मंग?"

एवढंच.

त्याच रविवारी गट बसला. मी म्हटलं, मागणी मागे घेऊ. आमच्यातला एक वकिली शिकतो, तो उसळला. "पागल झाली काय? आपणच मागायचं, आपणच नको म्हणायचं? पुढच्या वेळी कचेरीत चहा तरी विचारन का कोणी? इतक्या लोकांच्या सह्या आहेत, आन तू एका म्हाताऱ्यासाठी..."

"दोघांसाठी. मी पण आहे."

"मंग तू स्कुटी घे नं वं."

मी त्याला दुसऱ्या दिवशी बारा वाजता सायकल घेऊन चौकात बोलावलं. तो आला, शेजारच्याची सायकल मागून. दुभाजकापर्यंत पोचला. तिथे बराच वेळ उभा राहिला. मग उतरला, सायकल हातात धरून उलटा परत आला आणि कडुनिंबाखाली बसला. घाम पुसत म्हणाला, "लिही. काय लिहायचं ते लिही."

ते पत्रक लिहायला मला तीन दिवस लागले. दुसऱ्यांचा मजकूर मी दिवसभर जुळवते, पण 'आमची मागणी चुकीची होती' हे चार शब्द एका ओळीत बसेनात. राग पहिल्या ओळीत आणायची सवय, आणि इथे राग करायला समोर कोणीच नव्हतं. शेवटी साधं लिहिलं. आम्ही हे मागितलं होतं, ते चुकलं, दुपारी सायकलवाल्यांना चौक पार करता येत नाही, सिग्नल चालू करा, लाल दिव्याचा वेळ कमी करा, सिग्नलपाशी रस्त्याच्या मधल्या भागावरच टांगलेली सावलीची हिरवी जाळी कडेला सायकलवाल्यांपर्यंत ओढा. या वेळी सह्या पाणपोईवर घेतल्या. पोळ्या करायला जाणाऱ्या बाया, दुपारच्या पाळीचे वॉचमन, कामठीहून येणारा एक विणकर. एक बाई सही करताना म्हणाली, मी तं महिनाभरापासून लांबच्या रस्त्यानं जातो वं, मले वाटलं मीच एकटी भित्री. महिनाभरापासून आम्ही सगळे आपापली भीती एकट्याने उचलून नेत होतो.

वाहतूक पोलिसांच्या कचेरीत साहेबांनी फाईल काढली आणि माझं पहिलं पत्रक माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचंच ना?"

"हो."

"मग आता घरी बसून एकदा ठरवा, तुम्हाला नक्की काय पाहिजे."

सवयीने मी भडकणार होते. पण भडकायला हक्क लागतो. मी त्यांना ट्रेलरचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, मी दुभाजकावरून हलले नाही हेही सांगितलं. ते लिहून घेत गेले. आठवड्याभराने त्या चौकातला सिग्नल दुपारी पुन्हा सुरू झाला. जाळी तेवढीच राहिली. सायकलवाले उभे राहतात तिथे ऊनच आहे.

पहिल्या दिवशी मी लाल दिव्याला उभी होते. शेजारचा मोटरसायकलवाला हेल्मेटच्या आतून करवादला, "कोन्या गाढवानं भर उन्हात सिग्नल चालू केला गा?"

"मी."

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोंड बांधून बोलून राहिली," तो म्हणाला.

काकाजींना मी त्याच दिवशी पायरीवर जाऊन सांगितलं. ते बरं म्हणाले. पण चार दिवस आले नाहीत. सिग्नल सुरू करायला एक अर्ज पुरला. काकाजींसाठी कुठे अर्ज करायचा, ते मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी ते पाणपोईवर दिसले. दोघं चौकापर्यंत गेलो. दिवा हिरवा झाला, ते हलले नाहीत. "पाहून घेतो आधी," म्हणाले. दुसऱ्यांदा हिरवा झाला, तेव्हाही नाही. मागचे हॉर्न देऊन कडेने निघून गेले. तिसऱ्यांदा ते सायकलवरून उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. मीही उतरले आणि मोठ्या रस्त्यावरची वाहनं थांबून उभी होती त्या बाजूने, काकाजींच्या आणि बंपरांच्या मधे चालू लागले. दिव्यावरचे आकडे उतरत होते. दुभाजकाशी आलो तेव्हा नऊ उरले होते. काकाजी तिथे थांबले. पाय उचलेना. सात. ट्रकवाल्याने गिअर टाकल्याचा आवाज आला. मी त्यांच्या कॅरियरला हात लावला आणि ढकललं, हळू, जेवढं ढकलल्यावर माणूस पडत नाही तेवढंच. तीन उरले असताना आम्ही पलीकडे होतो.

पुढे ते सायकलवर बसलेच नाहीत. इतवारीपर्यंत चालत गेलो. मला कामाला उशीर झाला होता.

पायरी मोकळी झाली होती. ते बसले, मशीनची वायर लावली, सुरू केली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. समोर घागरींची रांग होती, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली.

"तू जाय. तुले बोलन मालक."

"बोलू द्या."

बऱ्याच वेळाने त्यांनी एक वाटी उलटी केली आणि तिच्या बुडावर, जिथे कोणी बघत नाही, एक आडवी रेघ ओढली. वाटी उजेडात धरली. मग माझ्याकडे दिली. रेघ सुरुवातीला थरथरली होती, पुढे बोटभर सरळ गेली होती, शेवटी पुन्हा जराशी हलली होती.

त्यांनी वाटी परत घेतली, घागरी पायाने बाजूला सरकवल्या आणि दुकानात हाक मारली, "घागर नाही घेत आज. चमचे द्या मले, दोनच अक्षरं असतात त्यावर."